चाकांवर पुन्हा पुन्हा बसणारी ब्रेकची काळी भुकटी : धुण्याआधी काय बघायचं

रविवारी गाडी धुवावी आणि गुरुवारपर्यंत पुढची दोन्ही चाकं परत काळी व्हावीत, ही अलॉय व्हील असलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीवाल्याची तक्रार असते. बहुतेक वेळा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. काही वेळा मात्र बिघडलेलं असतं, आणि ते सगळ्यात आधी सांगते ती हीच भुकटी. म्हणून पहिलं काम बादली भरण्याच्या आधीचं आहे. चारही चाकं कोरडी असताना, न पुसता, नीट बघा. गाडी एकदा वॉशिंग सेंटरला जाऊन आली की पुरावा वाहून जातो, आणि पुन्हा दीड-दोनशे किलोमीटर गाडी फिरेपर्यंत काहीच कळत नाही.

इथे डोळ्यांसमोर धरलेली गाडी म्हणजे पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली साधी गाडी : स्विफ्ट, वॅगन-आर, टियागो, आय-टेन या वर्गातली. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, कॅलिपर नावाची पकड तिच्यावर दोन्ही बाजूंनी पॅड दाबते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून लायनर घासतात. चारही चाकांना डिस्क असतील तर काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

लक्षणं

पुढची दोन्ही चाकं सारखीच काळी आणि मागची स्वच्छ : हे नेहमीचं आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय ड्रम बंद डब्यासारखा असतो, मागच्या लायनरची भुकटी त्याच्या आतच राहते.

पुढचं एक चाक काळं आणि दुसरं त्या मानाने स्वच्छ : हे नेहमीचं नाही. दोन बाजूंत डोळ्यांना सहज दिसेल इतका फरक असेल तर कुठलातरी ब्रेक चिकटतोय किंवा कुठलातरी ब्रेक कामच करत नाहीये. यातली दुसरी शक्यता माणसं विसरतात. काळं चाक आजारी असेलच असं नाही. डाव्या बाजूचा कॅलिपर जाम होऊन पॅड दाबतच नसेल तर डावं चाक चकचकीत राहतं आणि दोघांचं काम उजवं एकटं करतं. अशी गाडी ब्रेक दाबल्यावर उजवीकडे, म्हणजे ज्या बाजूचा ब्रेक शाबूत आहे त्या बाजूला ओढते. ब्रेक न दाबताच गाडी काळ्या चाकाच्या बाजूला ओढत असेल तर मात्र काळं चाकच चिकटलेलं आहे.

ड्रम असलेल्या मागच्या चाकावर भुकटी दिसणं, किंवा ते चाक हाताला गरम लागणं : हँडब्रेक पूर्ण सुटत नाहीये. मागे डिस्क असतील तर थोडी भुकटी असणारच. अलीकडच्या काही गाड्यांत ब्रेकचा बराच भार इलेक्ट्रॉनिक्स मागे वळवतं, त्यामुळे मागचे पॅड पुढच्यांच्या बरोबरीने झिजलेले दिसले तर लगेच घाबरायचं कारण नाही.

धुतल्यावरही न जाणारे तपकिरी-नारिंगी ठिपके : जुनी भुकटी रंगात रुतून गंजली आहे. हा ब्रेकचा दोष नाही, धुण्यातल्या दिरंगाईचा आहे.

ओलसर, तेलकट काळा थर : ही ब्रेकची भुकटी नव्हेच. ब्रेकची भुकटी कोरडी असते, बोटांवर काजळीसारखी लागते. चिकट असेल तर तीन जागा बघा. चाकाच्या आतल्या बाजूला गोल फेकल्यासारखं घट्ट काळं ग्रीस म्हणजे ॲक्सलचा रबरी बूट (ग्रीस आत धरणारं आवरण) फाटला आहे. मागच्या ड्रमच्या खालच्या कडेने किंवा टायरच्या आतल्या भिंतीवर ओघळ म्हणजे व्हील सिलिंडरमधून (ड्रममधले लायनर दाबणाऱ्या नळकांड्यातून) ब्रेक ऑइल गळतंय. आणि फक्त टायरच्या बाहेरच्या भिंतीवरून गाडीच्या पत्र्यावर ठिपके उडालेले असतील तर ते बिचाऱ्या टायर पॉलिशचे आहेत.

पॅड बदलल्यापासून भुकटी वाढली : याचं पुढे सविस्तर.

राखाडी, चमकणारे कण आणि ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखराट : पुढचं काही वाचू नका, गाडी उभी करा. पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, संपून मागची पत्र्याची पाटी डिस्क खाते आहे.

ही भुकटी असते तरी काय

डिस्क बिडाची (ओतीव लोखंडाची) असते. पॅडच्या मसाल्यात राळ, ग्रॅफाइट, धातूचे तंतू किंवा चुरा, खनिजांची पूड असं मिश्रण असतं. दोन्ही एकमेकांवर घासतात, दोन्ही झिजतात, आणि झिजलेलं सगळं गरम असतानाच चाकाच्या आत फेकलं जातं. म्हणजे नुसतं पॅडच झिजत नाही. काळ्या भुकटीत डिस्कच्या लोखंडाचा मोठा वाटा असतो, आणि रिमला त्रास देतं ते हे लोखंडच. दव, पाऊस किंवा खारी हवा लागली की ते रिमच्या रंगावर बसल्या जागी गंजतं आणि घट्ट धरतं.

खात्री करायची असेल तर एक लहान चुंबक प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळा आणि कोरड्या रिमवरून हळूच फिरवा. पिशवीच्या बाहेरून बारीक काळी लव उभी राहिलेली दिसते, शहारे आलेल्या त्वचेवरच्या केसांसारखी. पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतला की ती लव गळून पडते. कोकणात आणि गोव्यात ही चाचणी फार उपयोगी आहे, कारण जांभ्याची तांबडी धूळ आणि गंजलेली ब्रेकची भुकटी लांबून सारखीच दिसतात. तांबडी माती चुंबकाला फारशी धरत नाही आणि साध्या पाण्याने सुटते. भुकटी चुंबकाला धरते आणि पाण्याने सुटत नाही.

पहिली तपासणी : पांढरा टिश्यू

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. गाडी थंड असताना चार टिश्यू पेपर घ्या. प्रत्येक चाकाच्या एकाच जागी, समजा व्हॉल्व्हच्या शेजारच्या आऱ्यावर, एकदाच आणि सारख्याच दाबाने पुसा. टिश्यूंवर चाकाची जागा लिहा आणि शेजारी शेजारी ठेवा. डोळ्यांना वाटलेला फरक खरा की उन्हा-सावलीचा, ते इथे कळतं. फोटो काढून ठेवा. दुरुस्तीनंतर तुलना करायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पुढच्या दोन टिश्यूंवर सारखाच रंग असेल आणि पेडल, आवाज, ओढ यांची काही तक्रार नसेल, तर यंत्रात हात घालायची गरज नाही. गाडी चालवण्याची पद्धत, पॅडची जात आणि धुण्याची रीत या तीन गोष्टींकडे जा.

दुसरी तपासणी : ब्रेक कसा दाबला जातोय

याला पैसे लागत नाहीत म्हणून हिला कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि भुकटीचा सगळ्यात मोठा उगम बहुतेक इथेच असतो. घाटाचा हिशेब करून बघा. चार माणसांसकट १,२०० किलोची गाडी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरते तेव्हा बाराशे मीटरहून जास्त खाली येते. त्या उतरण्यातून जी ऊर्जा सुटते तिने ३० अंशांचं जवळजवळ ४८ लिटर पाणी उकळेल. ती कुठेतरी जायलाच हवी. हवा आणि टायर थोडा भार उचलतात. गियर खालचा असेल तर इंजिन बराच भार उचलतं. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर उरलेलं सगळं चार ब्रेकांच्या माथी येतं, त्यातलं बहुतेक पुढच्या दोन डिस्कांवर. पॅड जितका तापतो तितका झपाट्याने झिजतो. एका घाटात आठवड्याभराची भुकटी जमते ती अशी.

ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरायचं, हा जुन्या एसटी आणि ट्रक ड्रायव्हरांचा नियम आजच्या गाडीलाही तसाच लागू आहे. पेडलवर पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा वेग वाढू द्या, मग दोन-तीन सेकंद ठाम ब्रेक दाबून तो उतरवा आणि पाय काढा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’वर घाट उतरू नका, खालचा गियर किंवा मॅन्युअल मोड घ्या. शहरात उलट आहे : सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडा, गाडीला गियरमध्येच हळू होऊ द्या. दोन पायांनी ऑटोमॅटिक चालवायची सवय असेल तर डावा पाय नकळत पेडलवर टेकलेला असतो. पुढची दोन्ही चाकं सारखीच आणि अफाट काळी होत असतील तर ही सवय तपासा.

घाट उतरल्यावर तापलेल्या चाकांवर गार पाणी मारण्याची पद्धत आहे ती मात्र सोडा. तापलेलं बीड एका बाजूने एकदम गार झालं की डिस्क वाकडी होण्याचा किंवा तिला तडा जाण्याचा धोका असतो, आणि मग ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. पंधरा-वीस मिनिटं सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता चालवा, डिस्क आपोआप निवते.

तिसरी तपासणी : उष्णता

टिश्यूंवर फरक दिसला असेल तर ही तपासणी चुकवू नका. मोकळ्या रस्त्यावर ८ ते १० किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक लावून चालवा आणि शेवटी गाडी ब्रेकने न थांबवता हळूहळू आपोआप थांबू द्या. मग प्रत्येक चाकाजवळ तळवा नेऊन उष्णता जाणवते का ते बघा. डिस्कला हात लावायचा नाही, चिकटलेल्या ब्रेकची डिस्क कातडी सोलून काढेल इतकी तापलेली असते. जळका, आंबूस वास येत असेल तर त्याच चाकाकडे लक्ष ठेवा.

लेझरवालं तापमापक असेल तर उत्तम, पण त्यातली मेख लक्षात घ्या. चकचकीत धातूवर ते खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतं. म्हणून आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, दोन बाजूंच्या फरकावर ठेवायचा. दोन्हीकडे डिस्कवरची तीच जागा, तेच अंतर. डावी आणि उजवी पाच-दहा अंशांनी पुढेमागे असतील तर सोडून द्या. एक बाजू ४०-५० अंशांनी जास्त असेल तर ब्रेक धरतोय, यात शंका नको.

चौथी तपासणी : आऱ्यांतून पॅड बघा

अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून मोबाइलचा टॉर्च मारला की बाहेरचा पॅड दिसतो. नव्या पॅडचा मसाला साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो, ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा. मागची लोखंडी पाटी मोजणीत धरू नका, नेमकी हीच चूक होते.

पण बाहेरचा पॅड जाड दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन (ब्रेक ऑइलच्या दाबाने सरकणारा दट्ट्या) एकच असतो आणि तो आतल्या बाजूला असतो. पिस्टन आतला पॅड दाबतो, आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना सुकल्या की हे सरकणं थांबतं, आतला पॅड एकटाच झिजत राहतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. आतला बघायचा तर चाक काढावं लागतं.

पाचवी तपासणी : चाक उचलून फिरवा

सपाट, टणक जमीन. पहिल्या गियरमध्ये गाडी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नट गाडी खाली असतानाच पाव वळसा ढिले करा, मग जॅक लावा. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त उचलण्यासाठी आहे, गाडी त्याच्यावर तोलून काम करण्यासाठी नाही. स्टँड लावा. स्टँड नसेल तर निदान स्टेपनी दाराखाली आडवी सरकवा, आणि अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली नेऊ नका.

गियर न्यूट्रल करा आणि चाक हाताने फिरवा. पॅड हलकेच घासल्याचा सुर्र आवाज येणं ठीक आहे. एका हाताने फिरलं पाहिजे. आता कोणाला तरी ब्रेक जोरात दाबून सोडायला सांगा आणि लगेच पुन्हा फिरवा. तपासणीचा प्राण या दुसऱ्या फिरवण्यात आहे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं. ब्रेक दाबताना ते किंचित पिळलं जातं आणि सोडल्यावर आपल्या जागी येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पिस्टन गंजला, किंवा ब्रेकची रबरी नळी आतून सुजून बंद झाली, की चाक दाबण्याआधी मोकळं असतं आणि सोडल्यानंतर धरलेलं राहतं.

मागची चाकं तपासताना पुढच्यांना दगड, गाडी गियरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. सोडूनही मागचं चाक जड असेल तर केबल गंजली आहे किंवा लायनर चिकटलाय. कोकणच्या पावसाळ्यात हँडब्रेक ओढून चार-पाच दिवस उभी ठेवलेली गाडी हमखास हा त्रास देते. लायनर ड्रमला गंजाने चिकटतो, गाडी काढताना ‘टक्’ आवाज होतो. अशा दिवसांत सपाट जागी गाडी पहिल्या गियरमध्ये, दगड लावून आणि हँडब्रेक सोडून ठेवावी. सर्व्हिसला ड्रम उघडून साचलेली भुकटी काढून घ्या. मेकॅनिक तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने ती उडवत असेल तर थांबवा. भारतात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही आणि स्वस्त लायनरमध्ये काय घातलंय ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. ॲस्बेस्टॉस नसलं तरी हे कण फुप्फुसात जाण्याइतके बारीक असतात. २०२४ साली मंजूर झालेल्या युरो-७ नियमांनी धुराबरोबर ब्रेकच्या कणांनाही पहिल्यांदा मर्यादा घातली : पेट्रोल-डिझेल गाडीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम. ब्रेक क्लिनर मारून भुकटी ओली करा, मग फडक्याने पुसा, आणि तोंडाला मास्क लावा.

सहावी तपासणी : पिना

इथून पुढे पाना हातात घेतल्याशिवाय चालत नाही. स्टेपनी बदलण्यापलीकडे काही केलेलं नसेल तर इथेच थांबून गॅरेज गाठा, त्यात कमीपणा नाही. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीच्या मागच्या कॅलिपरला तर हातच लावू नका, तो स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो.

एका चाकाचं काम पुरं करून मगच दुसरं उघडा, जोडणी विसरलात तर बघायला दुसरी बाजू शाबूत असते. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा. रबरी नळीला लोंबकळू दिला तर नळी आतून फाटते. आता पॅडची झीज वाचा. आतला पातळ आणि बाहेरचा जाड : पिना. एकाच पॅडची एक कड पातळ, तिरकी झीज : एक पिन जाम किंवा पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये अडकलेत. दोन्ही पॅड सारखेच पातळ, पण दुसऱ्या बाजूच्या चाकाच्या मानाने बरेच जास्त : पिस्टन किंवा नळी.

पिना बाहेर ओढा. चांगली पिन ओलसर, चकचकीत निघते आणि आत ढकलल्यावर हवेच्या दाबाने किंचित मागे येते. वाईट पिनेवर तपकिरी सुकलेला थर असतो, ती फिरवून फिरवून ओढावी लागते. वरची आणि खालची पिन अनेक गाड्यांत वेगळी असते, एकीला रबरी बुश असतो. अदलाबदल झाली तर पुन्हा तोच त्रास. ब्रेक क्लिनर आणि फडक्याने पिन आणि तिचं भोक दोन्ही साफ करा. वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने जाईल, खड्डे पडले असतील तर पिन बदला. पिनेवरचा रबरी बूट चिरलेला असेल तर तोही बदला, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल.

ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच. गॅरेजातल्या डब्यातलं साधं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पिन आधीपेक्षा घट्ट होते. ‘पिना केल्या तरी परत जाम झाल्या’ या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं. थर पातळ हवा. भोक बंद तोंडाचं असतं, ग्रीस जास्त भरलं तर पिन पूर्ण आत जात नाही. पॅडच्या कानांची जागा तारेच्या ब्रशने गंज काढून साफ करा, पॅड हाताने सरकला पाहिजे. पॅडच्या मसाल्याला किंवा डिस्कला ग्रीसचा डागही लागू देऊ नका.

पिस्टन मागे ढकलताना आधी बोनेटमधली ब्रेक ऑइलची बाटली उघडून पातळी बघा, ऑइल मागे चढतं आणि सांडलं तर रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. सी-क्लँपने सावकाश दाब दिल्यावर पिस्टन एकसारखा आत गेला पाहिजे. अडखळत असेल किंवा जातच नसेल तर तो गंजलाय. जोर लावू नका, काम इथे संपलं.

जोडणी झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही. हे विसरून गेटपर्यंत गाडी नेणं म्हणजे सरळ भिंतीवर जाणं. नट समोरासमोरचे घट्ट करत जा, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (घट्टपणाच्या मापाला), आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

पॅड बदलल्यावर वाढलेली भुकटी

पहिले तीन-चारशे किलोमीटर भुकटी जास्त पडणारच. नवा पॅड डिस्कच्या जुन्या खाचांवर बसेपर्यंत छिलला जातो. तो नीट बसवण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, मध्ये अर्धा मिनिट मोकळं चालवणं, असं आठ-दहा वेळा करा आणि मग पाच मिनिटं ब्रेक न लावता फिरवून निववा. डिस्कच्या कडेला नखाला अडकेल असा काठ तयार झाला असेल तर पॅड त्याच्यावर घासत राहतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर ती खरवडून घ्यायची नाही, बदलायची, आणि तीही दोन्ही बाजूंची.

त्यानंतरही भुकटी कमी होत नसेल तर पॅडची जात बघा. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड तापल्यावरही चांगले धरतात, पण भुकटी फार टाकतात. युरोपीय गाड्यांबरोबर येणारे पॅड बहुधा धातूचा अंश असलेले असतात, त्यामुळे त्यांची चाकं लवकर काळी होतात आणि त्यात दोष काही नसतो. सेंद्रिय आणि सेरॅमिक पॅडची भुकटी कमी पडते, रंगही फिका असतो. शहरात फिरणाऱ्याने ते जरूर घ्यावेत. आठवड्याला माणसं-सामान भरून घाट उतरणाऱ्याने मात्र कंपनीने दिलेली जातच ठेवावी. तिथे रिमच्या रंगापेक्षा तापलेल्या ब्रेकची पकड मोठी. आणि डुप्लिकेट, टणक पॅड कुठेच नकोत. ते स्वतः टिकतात पण डिस्क खातात, भुकटी त्या डिस्कची असते.

इथे थांबा, मेकॅनिक बोलवा

पेडल स्पंजासारखं लागतंय किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय. ब्रेक ऑइलची पातळी पॅड फार झिजलेले नसतानाही उतरतेय. कुठेही ओला ओघळ आहे. पिस्टन मागे जात नाही. ब्रेक सोडल्यावर चाक धरलेलं राहतं, पण पिना साफ आहेत. डिस्कवर निळे डाग किंवा बारीक तडे आहेत. एबीएसचा दिवा लागलाय. यातलं एकही असेल तर घरी पुढे काही करू नका. पेडल बिघडलेलं असेल किंवा गळती असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेण्याचाही विचार नको, मेकॅनिकला बोलवा किंवा गाडी टो करून न्या. नळी, पिस्टन किंवा व्हील सिलिंडर बदलल्यावर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते, आणि अर्धवट हवा काढलेला ब्रेक चिकटलेल्या ब्रेकपेक्षा वाईट. नळी एका बाजूची सुजली असेल तर दोन्ही बदलून घ्या, वय दोघींचं सारखंच असतं. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगा. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पिस्टन गंजतो तो याच पाण्याने.

धुणं

चाकं थंड, जागा सावलीची, गाडीच्या आधी चाकं. चाकांसाठी बादली, ब्रश आणि फडकं वेगळं ठेवा. रिमवरचं फडकं पत्र्यावर फिरलं की तेच लोखंडी कण रंगावर गोल ओरखडे काढतात. आधी नुसत्या पाण्याचा फवारा, मग १० लिटर पाण्यात कार शॅम्पू, डब्यावर लिहिलेल्या मापाने, आणि मऊ ब्रश. आऱ्यांच्या मागची बाजूही. तिथला थर राहिला तर बाहेरची चमक दोन दिवसांत जाते.

तपकिरी ठिपक्यांसाठी लोखंड विरघळवणारा फवारा मिळतो, डब्यावर ‘आयर्न रिमूव्हर’ लिहिलेलं असतं. मारल्यावर मिनिटाभरात प्रत्येक ठिपक्याखालून जांभळा ओघळ उतरायला लागतो, आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. जांभळा रंग म्हणजे लोखंडाशी प्रक्रिया चालू आहे. एका वेळी एकच चाक, तीन-चार मिनिटं, आणि सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. सुकला तर डाग तोच पाडेल. हातमोजे घाला. रंगाचं आवरण नसलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर किंवा क्रोमवर आधी कोपऱ्यात लावून बघा.

वॉशिंग सेंटरवर काही जण रिमवर ॲसिड मारतात. चाक क्षणात उजळतं, पण वरचं पारदर्शक आवरण दुधाळ होतं, आणि तिथून पुढे भुकटी थेट धातूत रुतते. फवारा मारण्याआधी त्यात काय आहे ते विचारा. संडास साफ करायचं ॲसिड, तारेची घासणी आणि रॉकेलचं फडकं, तिन्ही चाकांपासून लांब ठेवा. रॉकेलचा तेलकट थर नवी भुकटी उलट जास्त धरतो.

धुऊन झाल्यावर पुसून कोरडं करा, बोअरचं पाणी असेल तर नक्कीच, नाहीतर पांढरे क्षाराचे ठिपके राहतात. कोरड्या रिमवर वॅक्स किंवा व्हील सीलंटचा हात दिला की भुकटी बसते पण रुतत नाही, पुढच्या वेळी शॅम्पूनेच निघते. वॅक्स आणि टायर पॉलिश फडक्यावर घेऊन लावा, फवारून नाही, डिस्कवर गेलं तर ब्रेक लागणार नाही. मग गाडी हळू चालवत तीन-चार वेळा ब्रेक दाबून डिस्क सुकवा, ओली डिस्क रात्रभर ठेवली की सकाळी तिच्यावर नारिंगी गंज चढलेला असतो. पहिल्या दोन-चार ब्रेकांत तो निघून जातो, तो बिघाड नव्हे.

पिना साफ केल्या असतील तर आता दोनशे किलोमीटर चाकांना हात लावू नका. मग पुन्हा चार टिश्यू, त्याच आऱ्यावर, आणि आधीचा फोटो शेजारी.